शुक्रवारी जाणारी टीचर

पत्र असं आहे:

"ताई नमस्कार, मी ३१ वर्षांची, पुण्यात बावधनला राहते, आयटीत टेस्टिंगमध्ये आठ वर्षं झाली. कंपनी दोन महिन्यांची बिनपगारी सुट्टी देतेय, मार्च-एप्रिल. मला एक प्रोग्राम सापडलाय, थायलंडमध्ये चियांग रायच्या डोंगरात 'अख्खा' नावाची आदिवासी जमात आहे, त्यांच्या गावात दोन आठवडे राहायचं, सकाळी शाळेत इंग्लिश शिकवायचं, दुपारी तिथल्याच अनाथाश्रमात मदत, शनिवार-रविवार ट्रेक. विमान सोडून ८५ हजार. टुरिस्ट म्हणूनच या, वेगळा व्हिसा लागत नाही असं ते म्हणतात. आई म्हणते आपल्याकडचे गरीब संपले का. बाबा म्हणतात एवढंच असेल तर मेळघाटात जा, पैसे तरी वाचतील. मैत्रीण म्हणते जाच, लाइफ चेंजिंग असतं. मी आठ वर्षं फक्त दुसऱ्यांच्या चुका शोधतेय, एकदा तरी कुणाच्या थेट उपयोगी पडावं असं फार वाटतं. जाऊ का? मी शाकाहारी आहे हेही सांगून ठेवते. — अस्वस्थ, पुणे"

अगं अस्वस्थ,

आधी नावाचं उरकू. ते अख्खा नाही गं, आखा. अख्खा मसूर असतो. हसू नकोस, मीपण पहिल्यांदा तसंच वाचलं होतं. पण नाव नीट घ्यायला हवं कारण थाई लोक त्यांना 'ईकॉ' म्हणायचे, काही अजूनही म्हणतात, आणि तो शब्द त्यांना अजिबात आवडत नाही, त्यात हिणवणं आहे. आपल्याकडे डोंगरातल्या नि पालावरच्या माणसांना गावातले लोक काय काय म्हणतात ते तुला माहितीच असेल, तसलाच प्रकार. तर आखा.

आता उत्तर एका दमात हवं असेल तर थायलंडला जा, आखा गावातही जा, पण हा प्रोग्राम घेऊ नकोस. का ते सांगते, जरा लांबेल, चहा घेऊन बस.

हा उद्योग मी स्वतः केलाय. आठ-नऊ वर्षं झाली असतील, मुलगी शिकायला बाहेर गेली, घर एकदम रिकामं झालं, मला दिवसभर करमेना आणि मी अशाच एका एजन्सीतर्फे (नाव घेत नाही, उगाच कशाला) चियांग रायच्या वरच्या डोंगरात एका शाळेत दहा दिवस 'इंग्लिश टीचर' म्हणून गेले. बीएड नाही, डीएड नाही, आयुष्यात कधी वर्गावर उभी राहिलेली नाही, पण तिथे कुणी विचारलंच नाही. पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहाने रंग शिकवायला घेतले. रेड झालं, ब्लू झालं, यलो झालं, आणि पुढे बसलेली सात-आठ वर्षांची एक पोरगी माझ्या आधीच पुढचे रंग म्हणायला लागली, चालीत, डुलत डुलत. मला वाटलं काय हुशार आहे! दुसऱ्या दिवशी प्राणी घेतले, तेच झालं. तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला की या पोरांना रंग, प्राणी आणि डोकं-खांदे-गुडघे हे दर पंधरा दिवसांनी नव्याने शिकवलं जातंय, कारण दर पंधरा दिवसांनी नवीन माणूस येतो आणि जो येतो तो अ आ पासूनच सुरू करतो, आधीच्याने कुठवर आणलंय हे लिहून ठेवायची पद्धतच नाही. आणि पोरं इतकी समजूतदार की दरवेळी पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करतात, पाहुण्याचं मन राखतात. ती पोरगी एकदा जवळ येऊन म्हणाली, "टीचर, फ्रायडे?" मला काही कळेना. तिथली थाई शिक्षिका हसली आणि म्हणाली, ती विचारतेय तुम्ही या शुक्रवारी जाणार की पुढच्या.

त्यानंतर मी काय शिकवणार होते कप्पाळ.

आता मागे वळून बघताना वाटतं की मदत त्या शिक्षिकेला हवी होती. मुलं घरी आखा बोलतात, शाळा सगळी थाईत, म्हणजे शाळेची भाषाच मुळात परकी, आणि तिच्यावर ही तिसरी इंग्लिश. त्या बाईंना स्वतःला इंग्लिश उच्चारांची धास्ती होती, आणि पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी वर्गात त्याच असणार होत्या. मी रोज दुपारी तासभर त्यांच्याबरोबर नुसती बोलत बसले असते तरी काहीतरी मागे राहिलं असतं. पण पॅकेजमध्ये दुपारी 'सांस्कृतिक अनुभव' होता, मग मी बांबूत भात शिजवायला शिकत होते.

अनाथाश्रमाबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे, राग येऊ देऊ नकोस. उत्तर थायलंडात डोंगरी मुलांसाठी अशी खूप 'होम्स' आहेत. त्यातली बरीचशी खरं तर वसतिगृहं असतात, म्हणजे वरच्या गावात मोठी शाळा नाही, म्हणून आई-बाप मुलाला खाली तालुक्याच्या गावी ठेवतात, आपल्याकडे आश्रमशाळेत ठेवतात तसं. यात वाईट काही नाही. पण वसतिगृह म्हटलं की देणगी येत नाही आणि अनाथ म्हटलं की येते, त्यामुळे आई-बाप धडधाकट असलेली पोरं पाहुण्यांसमोर अनाथ होतात. हे एकट्या थायलंडचं नाहीये, नेपाळ, कंबोडिया सगळीकडे हेच सापडलंय, अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा बाप जिवंत असतात असं युनिसेफ आणि बाकीच्या संस्था कधीपासून सांगतायत. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला तेव्हा पाहुण्यांच्या पैशासाठी मुलांना अनाथाश्रमात आणण्याचा विषय तिथे जोरात निघाला होता आणि डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अनाथाश्रमातल्या टुरिस्ट-व्हॉलंटियरगिरीचा स्पष्ट उल्लेख करून मुलांना त्यापासून जपा असं म्हटलंय.

आणि कायदेबियदे सोड, तू साधा विचार कर. आपल्या सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशींचं आपण आधार कार्ड मागतो, पोलिस व्हेरिफिकेशन करतो. तुझ्याकडे त्या एजन्सीने काय मागितलं? पासपोर्टचा फोटो आणि ॲडव्हान्स. म्हणजे पैसे भरणारा कुणीही, अक्षरशः कुणीही, त्या मुलांजवळ दुपारभर जाऊन बसू शकतो. तू चांगली आहेस गं, प्रश्न तुझा नाहीचे, तुझ्यासाठी उघडलेल्या दारातून तुझ्यामागे कोण कोण आत येतं त्याचा आहे. शिवाय लहान मुलं गळ्यात पडतात, आठवडाभरात लळा लागतो, मग आपण विमानतळावर रडतो नि फोटोखाली चार ओळी लिहितो, पण त्या पोराचं वर्षातलं हे कितवं सोडून जाणं असतं?

व्हिसाचं जे ते सांगतायत ना, ते तर सरळ सरळ फसवं आहे. थायलंडमध्ये बिनपगारी कामसुद्धा काम धरलं जाऊ शकतं. व्हॉलंटियर म्हणून जायचं तर संस्था तिथे रजिस्टर हवी, तिने कागद द्यायचे, त्यावर वेगळ्या प्रकारचा नॉन-इमिग्रंट व्हिसा काढायचा आणि वर वर्क परमिट. परमिट नसताना काम करताना सापडलं तर ५ हजार ते ५० हजार बाट दंड आणि वर देशाबाहेर रवानगी. बाट साधारण अडीच-तीन रुपयाचा धर आणि हिशोब कर. दोन आठवड्यांच्या माणसासाठी हा सगळा खटाटोप कोणी करत नाही म्हणून एजन्स्या "टुरिस्ट म्हणूनच या" सांगतात, आणि पकडलं तर पासपोर्ट तुझा, त्यांचा नाही. (टुरिस्ट म्हणून किती दिवस राहता येतं ते नियम मधेमधे बदलतात, तिकीट काढायच्या आठवड्यात दूतावासाच्या साइटवर बघ, कुणाच्या रीलवर नको.)

बरं, एवढं घाबरवलं, आता ज्यांच्याकडे तू जाणारेस त्यांच्याविषयी बोलू, कारण तुझ्या पत्रात त्यांच्याबद्दल एकच शब्द आहे, आदिवासी. एजन्सीच्या माहितीपत्रातही तेवढंच असणार, आणि एक मुकुट घातलेल्या आजीचा फोटो.

आखा लोक एका देशाचे नाहीतच. चीनच्या युनानमध्ये आहेत, तिथलं सरकार त्यांना हानी नावाच्या मोठ्या गटात मोजतं, म्यानमारच्या शान राज्यात आहेत, लाओसच्या उत्तरेला आहेत आणि थायलंडमध्ये मुख्यतः चियांग राय जिल्ह्यात. भाषा तिबेटी-बर्मी कुळातली, थाईशी काही नातं नाही. त्यांची जगण्याची सगळी रीत, म्हणजे शेती कशी करायची, घर कसं बांधायचं, मयताचं काय, पाहुण्याचं काय, याला ते 'आखा झां' म्हणतात, आणि हे सगळं लिहिलेलं नव्हतं, पिढ्यानपिढ्या तोंडपाठ. वंशावळही पाठ! आपल्याकडे हेळवी येऊन वंशावळ सांगतात किंवा त्र्यंबकेश्वरला गुरुजींच्या वहीत सापडते, इथे जुना जाणता आखा माणूस स्वतःच पन्नास-साठ पिढ्या म्हणून दाखवतो, पार मूळपुरुषापर्यंत. आणि लक्षात ठेवायची युक्ती तर मला इतकी आवडली, बापाच्या नावाचं शेवटचं अक्षर ते मुलाच्या नावाचं पहिलं, त्याचं शेवटचं ते नातवाचं पहिलं. अंताक्षरी आहे गं, साठ पिढ्यांची.

आणि तो मुकुट. बायकांच्या त्या शिरोभूषणावर चांदीचे गोळे, मणी आणि नाणी ओवलेली असतात, आणि जुन्या मुकुटांमध्ये नीट बघितलंस तर ब्रिटिश हिंदुस्थानचे चांदीचे रुपये दिसतात, राणीच्या किंवा राजाच्या मुंडक्याचे. बर्मा तेव्हा त्याच राज्यात होतं, व्यापारात रुपया डोंगरापर्यंत चढला, आणि पलीकडून फ्रेंचांच्या इंडोचायनाची नाणी आली, दोन्ही एकाच बाईच्या कपाळावर. आपल्या आज्यांच्या पुतळ्या आठवतात ना, गाठीला असलेला पैसा गळ्यात घालून ठेवायचा, तेच डोकं. मुकुट कसला आहे यावरून कुठल्या आखांपैकी ते कळतं, कुणाचा टोकदार, कुणाचा मागे सपाट पाटी असलेला, कुणाचा शिरस्त्राणासारखा. आता रोज कुणी घालत नाही हं. तरुण मुली जीन्समध्ये असतात, स्कूटर चालवतात, मोबाइल तुझ्यापेक्षा चांगला असतो, त्यामुळे तिथे जाऊन "अरे यांची संस्कृती हरवली" असं करू नकोस, आपण कुठे रोज नऊवारी नेसतो.

गावाच्या वेशीवर लाकडी कमान असते, वाईट शक्ती बाहेर राहाव्यात म्हणून, दरवर्षी नवीन बांधतात, शेजारी लाकडात कोरलेली बाई नि पुरुष. त्या कमानीला हात लावायचा नाही, टेकून फोटो तर मुळीच नाही. घरातही बायकांच्या भागात पूर्वजांचं ठिकाण असतं, त्यालाही हात नाही. आता बरीच गावं ख्रिश्चन झालीत, तिथे कमान दिसणार नाही, आणि यावरून आठवलं, बऱ्याच व्हॉलंटियर प्रोग्रामच्या मागे मिशन असतं, धर्माचं काम करायला तुझी हरकत आहे की नाही तो तुझा प्रश्न, पण आधी कळलेलं बरं.

त्यांची खरी अडचण काय हे कळायला तुला २०१८ ची ती गुहा आठवावी लागेल, थाम लुआंग, बारा मुलं आणि त्यांचा कोच अडकले होते, आपण सगळे टीव्हीला चिकटून होतो. ती गुहा चियांग राय जिल्ह्यातच, मे सायला. मुलं बाहेर आली आणि मग जगाला कळलं की त्यातली तीन मुलं आणि कोच हे कुठल्याच देशाचे नागरिक नव्हते. जगभर नाव झालं म्हणून त्यांना महिनाभरात नागरिकत्व मिळालं. त्या डोंगरांमध्ये आखा, लाहू अशा कितीतरी घरांतून एकाकडे ओळखपत्र आणि दुसऱ्याकडे नाही असं असतं. जन्माची नोंद झाली नाही, आजोबा सीमेपलीकडून आले, नोंदणीवाला आला तेव्हा बाप शेतावर होता, अशी कारणं. कागद नाही म्हणजे जिल्ह्याबाहेर जायला परवानगी काढा, जमीन नावावर नाही, चांगली नोकरी नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये थाई मंत्रिमंडळाने अशा ४ लाख ८३ हजारांवर लोकांना कायमचं वास्तव्य आणि मुलांना नागरिकत्व लवकर देण्याचा निर्णय घेतला, आता ते कागद भरायचे, पुरावे जोडायचे, तालुक्याच्या ऑफिसात खेटे घालायचे, आणि हे काम थाई आणि आखा दोन्ही येणारी तिथलीच माणसं करतात. यात तू नि मी रंग शिकवून काय करणार?

त्याच गुहेची दुसरी गोष्ट. पाणी उपसायला मदत म्हणून आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सची माणसं तिथे गेली होती, आठवतं? ते का गेले, तर पाणी उपसायचं होतं आणि पंप ही त्यांची विद्या होती आणि त्यांना बोलावलं गेलं. मला काहीतरी चांगलं करायचंय म्हणून कोणी बूट घालून गुहेत शिरलं नव्हतं. तुझ्या बाबतीत मला हेच विचारायचंय, तुला बोलावलंय कुणी? गावाने, की ८५ हजार घेणाऱ्याने?

आणि तू लिहितेस की आठ वर्षं नुसत्या चुका शोधतेय. अगं पण तीच तर तुझी विद्या आहे! त्या एजन्सीला आधी टेस्ट केसेस लाव बघू. ८५ हजारातले किती गावात जातात आणि कुणाच्या हातात, माझ्या आधी कोण होतं नि माझ्यानंतर कोण येणार आणि त्या दोघांमध्ये वही कोण ठेवतं, वर्क परमिट कोण काढणार, मुलांजवळ जाणाऱ्यांची चौकशी करता का, ही मदत मागितली कुणी आणि गावातल्या कुणाशी मी फोनवर बोलू शकते का. यातल्या तीन प्रश्नांना जरी "डोन्ट वरी मॅम" असं उत्तर आलं तर रिलीज अडवून ठेव.

मग करायचं काय. माझं म्हणणं, दोन गोष्टी वेगळ्या कर, जाणं वेगळं आणि उपयोगी पडणं वेगळं.

जायचं तर पाहुणी म्हणून जा, पैसे देणारी पाहुणी, त्यात कमीपणा काही नाही. चियांग रायच्या डोंगरात आखा कुटुंबं स्वतः होमस्टे चालवतात, स्वतः वाटाड्या म्हणून नेतात, पैसे सरळ त्यांच्या हातात जातात. आणि कॉफी! हे कुणी सांगितलं नसेल तुला. हा सगळा गोल्डन ट्रँगलचा भाग, म्हणजे थायलंड, म्यानमार नि लाओस जिथे एकमेकांना भिडतात तो पट्टा, एकेकाळी इथे अफू पिकायची, १९५९ ला थायलंडने अफू बंद केली पण डोंगरातल्या माणसाला दुसरं पीक मिळायला पुढे कितीतरी वर्षं गेली, १९६९ ला राजाचा रॉयल प्रोजेक्ट आला, १९८८ ला राजमातेने डोइ तुंगचं काम सुरू केलं, आणि कॉफी, चहा, फळं हळूहळू रुजली. मे सुआय तालुक्यातलं डोइ चांग हे गाव आज अरेबिका कॉफीसाठी नावाजलेलं आहे आणि पिकवणारे बहुतेक आखा. ली आयु चुएपा नावाचा एक आखा तरुण, त्याने २०१० मध्ये चियांग मायला 'आखा आमा' नावाने कॉफीचं दुकान काढलं, आमा म्हणजे आई, आपल्या गावची कॉफी दलालाला न विकता स्वतः भाजून विकायची या हट्टाने, आणि आज ती नावाजलेली आहे. तिथे बसून एक कप प्यायलीस तरी माझ्या दहा दिवसांच्या मास्तरकीपेक्षा जास्त पैसे डोंगरावर जातील, हे मी मनापासून लिहितेय, टोमणा नाही. चियांग मायच्या नाइट बझारमध्ये मुकुट घातलेल्या आखा आज्या लाकडी बेडूक विकतात, पाठीवरून काडी फिरवली की डराव करतो, एक घे. फोटो काढायचा तर आधी विचार, नाही म्हणाल्या तर नाही. आणि ते सगळ्या जमाती एकाच कंपाउंडात बसवून तिकीट लावून दाखवतात तिथे मात्र जाऊ नकोस, तिथे लांब मानेच्या बायका म्हणून ज्यांना बघायला नेतात त्या कायन बाया, म्यानमारमधून जीव वाचवून आलेल्यांपैकी, आणि आपण तिकीट काढून त्यांची मान बघायची, मला तर तिथल्या गेटावरच मळमळलं.

आता उपयोगी पडण्याचं. तिथल्या संस्थांना, आखांच्या स्वतःच्याही संस्था आहेत, वेबसाइट असते, बुकिंगचे फॉर्म असतात, देणगीचं पान असतं, आणि ते निम्म्या वेळा चालत नाही. हे मी बघितलंय, मी स्वतः एका होमस्टेच्या फॉर्ममध्ये तीनदा तारीख टाकली नि तीनदा १९७० आली. तू बावधनला तुझ्या गॅलरीत बसून, जायच्या आधी, दोन शनिवार घालून त्यांना अशा पंचवीस चुका काढून दिल्यास, नीट, स्क्रीनशॉटसकट, तर ती मदत आहे, आणि तुझ्या घरातून केलेल्या कामाला थायलंडचं परमिट लागत नाही. पण आधी एक मेल टाक, मी अमुक करू शकते, तुम्हाला हवंय का, आणि हवं असेल तर काय हवंय. नाही म्हणाले तर मुकाट्याने बस. हो म्हणाले तर वर्षभर टिकेल एवढंच हाती घे. फोटो नाही निघणार यात, हे आधीच सांगते.

आई-बाबांचं राहिलं. आईंचा प्रश्न मला फारसा पटत नाही, आपल्याकडचे गरीब संपेपर्यंत दुसरीकडे बघायचं नाही असं असतं तर कुणी कुठे गेलंच नसतं, शिवाय हा प्रश्न विचारणारे इथल्यांसाठीही सहसा उठत नाहीत (आईंना दाखवू नकोस हे). बाबांचं मेळघाटचं, ते अर्धं बरोबर आहे. तिथे निदान तुला भाषा बरीचशी कळेल, कोरकू नाही पण मराठी-हिंदीवर निभेल, व्हिसा नको, आणि परत परत जाता येईल, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पण मेळघाटातही दोन आठवड्यांसाठी रंग शिकवायला जाऊ नकोस, तिथल्या पोरांनाही शुक्रवार कळतो. गंमत म्हणजे चिखलदऱ्याला पण कॉफी होते, महाराष्ट्रात कॉफी होणारं तेच एक ठिकाण म्हणतात, तेव्हा बाबांना म्हणावं आधी तिकडची कॉफी पिऊन येऊ, दोघं.

बाकी बारीकसारीक. मार्च-एप्रिल अजिबात नको. फेब्रुवारी सरता सरता उत्तर थायलंडात जंगलं नि शेतं जळायला लागतात, इकडचा धूर, सीमेपलीकडचा धूर, एप्रिलपर्यंत डोंगर दिसत नाहीत, डोळे चुरचुरतात, घसा बसतो, तिथली माणसंच ज्यांना परवडतं ती दक्षिणेला जातात. पावसाळ्यात रस्ते चिखलाचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, कॉफीची तोडणी चालू असते, सगळं गाव कामात असतं, लाल फळं टोपलीत, अंगणात वाळवण, आणि रात्री चांगली थंडी, स्वेटर ने. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला त्यांचा झोक्याचा सण असतो, चार उंच खांबांचा झोका बांधतात, बायका नटतात, आपल्या नागपंचमीच्या झोक्याची आठवण येते. तो बघायचा तर पाऊस सोसावा लागेल, तू ठरव. चियांग रायला विमानतळ आहे, पुढे सोंगथ्यू मिळतं, म्हणजे मागे दोन बाकं टाकलेला पिकअप, आपलं वडापच, भरल्याशिवाय हलत नाही.

खाण्याचं जरा कठीण आहे, खोटं नाही सांगत. डोंगरात डुकराचं मांस नि चरबी बऱ्याच पदार्थांत आणि थाई जेवणात माशाचा सॉस जवळपास सगळ्यात. 'जे' हा शब्द पाठ कर, त्याचा अर्थ पूर्ण शाकाहारी, इतका की कांदा-लसूणही नाही, आपल्या जैन जेवणासारखं, शहरात पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात दिसतो. गावात यजमानांना आधीच कळव, म्हणजे त्यांची ऐनवेळी पंचाईत नको. भात डोंगराचा, सुरेख लागतो, पालेभाज्या, भोपळा, मिरचीचा ठेचा असतो (त्यात मासा आहे का विचार). मेतकूट ने, शेंगदाण्याची चटणी ने, आणि जास्तच ने, कारण माझी चटणी तिथल्या यजमानीण बाईंनी चाखली आणि दुसऱ्या दिवशी डबा रिकामा होता.

तर आता कंपनीत विचार, सुट्टी मार्चवरून नोव्हेंबरला सरकते का. ॲडव्हान्स भरला नाहीस ना अजून? भरला असशील तर परताव्याच्या अटी मला पाठव, आपण वाचू.